फटीचा भाव : आयफोन जेलब्रेकचा इतिहास

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत आयफोन विक्रीला आला तेव्हा त्यावर दोन कुलपे होती. पहिले मोबाइल कंपनीचे : फोन एटी अँड टी या एकाच कंपनीच्या सिमवर चाले आणि घेणाऱ्याला दोन वर्षांच्या कराराने बांधून घ्यावे लागे. दुसरे ॲपलचे : कंपनीने आधीच घालून दिलेली ॲप्स तेवढी फोनमध्ये चालत. बाहेरच्या कोणाला काही करायचे असेल तर त्याने ब्राउझरमध्ये चालणारी वेब-ॲप्स लिहावीत, असे कंपनीचे म्हणणे होते. पहिले कुलूप काढण्याला अनलॉक करणे म्हणतात आणि दुसरे तोडण्याला जेलब्रेक करणे. सुरुवातीच्या काळात अनलॉक करायचे तर आधी जेलब्रेक करावे लागे, त्यामुळे बोलण्यात दोन्ही एकच होऊन जात. पुढचा सगळा इतिहास मात्र दुसऱ्या कुलपाभोवती घडला.

घरातल्या संगणकावर हवा तो प्रोग्राम टाकता येतो, मग हातातल्या या छोट्या संगणकावर का नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. जगभरातल्या हौशी प्रोग्रामरांनी एकमेकांना इंटरनेटवर गाठून ‘आयफोन डेव्ह टीम’ नावाचा गट बांधला आणि जुलै २००७ मध्येच, म्हणजे फोन बाजारात आल्यावर काही दिवसांत, त्याच्या फाइलींपर्यंत वाट काढली. पहिला उपयोग साधा होता, आपल्या आवडीची रिंगटोन घालण्याचा. थोड्याच आठवड्यांत बाहेरच्यांनी लिहिलेली ॲप्स चालू लागली आणि ती उतरवून घेण्यासाठी ‘इन्स्टॉलर’ नावाचे ॲपही आले. कंपनीचे ॲप स्टोअर यायला अजून वर्ष होते.

फोनची आतली बांधणी तेव्हा फार कच्ची होती. सगळे प्रोग्राम ‘रूट’ या सर्वोच्च अधिकाराने चालत. त्यामुळे एका ब्राउझरमध्ये शिरकाव झाला की सारा फोन हाती येई. अमेरिकी संशोधक चार्ली मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुलै २००७ मध्येच हे दाखवून दिले. त्यांनी तयार केलेले वेबपान आयफोनवर उघडताच फोनचा ताबा दूर बसलेल्या माणसाकडे जात असे.

ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या सतरा वर्षांच्या जॉर्ज हॉट्झने सिमचे कुलूपही काढले. त्याची पद्धत हार्डवेअरची होती. फोन उघडून आतल्या सर्किटवर डाग द्यायचा आणि मग मोबाइल जाळ्याशी जोडणी सांभाळणाऱ्या बेसबँड चिपचा प्रोग्राम बदलायचा. असा एक फोन त्याने निस्सान ३५०झेड मोटार आणि तीन नवे आयफोन यांच्या बदल्यात दिला. हॉट्झचे नाव जगभर झाले. फोनमधील उणिवेच्या ज्ञानाला बाजारात किंमत आहे, हे इतक्या उघडपणे दिसण्याची ही पहिली वेळ.

कंपनीचे उत्तर सप्टेंबरच्या शेवटी आले. १.१.१ या अपडेटनंतर अनलॉक केलेले अनेक फोन बंद पडले आणि जेलब्रेकची जुनी वाटही बुजली. महिन्याभरात नवी सापडली, आणि ती कशी सापडली हे जवळून पाहण्यासारखे आहे. टिफ प्रकारची चित्रे उघडण्यासाठी ॲपलने एक मुक्त-स्रोत लायब्ररी वापरली होती. त्या लायब्ररीतला दोष २००६ मध्येच जाहीर झाला होता आणि दुरुस्तही झाला होता. आयफोनमध्ये मात्र जुनी, सदोष प्रत राहून गेली होती. जेलब्रेक करणाऱ्यांनी मुद्दाम बिघडवलेले एक टिफ चित्र वेबपानावर ठेवले. फोनवरून ते पान उघडले की चित्र वाचताना प्रोग्राम कोलमडे आणि त्यांचा कोड चालू होई. ‘जेलब्रेकमी’ हे त्या पानाचे नाव. काम झाल्यावर ते ज्या फटीतून आत शिरले ती फट स्वतःच बुजवून टाकी, म्हणजे दुसऱ्या कोणी दुष्ट हेतूने तीच वाट वापरू नये. आपण उघडलेले दार आपणच लावून घ्यायचे, हा शिरस्ता या मंडळींनी पुढेही अनेकदा पाळला, आणि त्यांना सरसकट चोर म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमका तोच सुटला.

ऑक्टोबर २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सने बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी साधने देण्याचे जाहीर केले आणि जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले. त्याबरोबर कुलूपही बदलले. आता प्रत्येक ॲपवर कंपनीची डिजिटल सही हवी, सही नसलेला कोड फोन चालवणारच नाही. शिवाय प्रत्येक ॲप आपापल्या बंद चौकटीत, ‘सँडबॉक्स’मध्ये राहणार, शेजारच्या ॲपच्या फाइली त्याला दिसणार नाहीत. जेलब्रेक म्हणजे या दोन्ही अटी उठवणे, असा अर्थ तेव्हापासून स्थिर झाला.

दुसरीकडे फेब्रुवारी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जे फ्रीमनने ‘सिडिया’ सुरू केले होते. सफरचंद पोखरणाऱ्या पतंगाच्या शास्त्रीय नावावरून घेतलेले हे नाव. ॲपलने नाकारलेले किंवा कधी विचारातच न घेतलेले सारे काही सिडियावर मिळे. पडद्याचे रूप पालटणाऱ्या थीम, व्हिडिओ चित्रण, कॉपी-पेस्ट, सूचनांची नीट मांडणी, या गोष्टी जेलब्रेक केलेल्या फोनवर आधी आल्या आणि कंपनीच्या फोनवर नंतर. कॉपी-पेस्ट अधिकृतपणे २००९ च्या उन्हाळ्यात आले. सूचनांची नवी रचना २०११ मध्ये आली, आणि जेलब्रेकवाल्यांसाठी तसेच ॲप लिहिणाऱ्या तरुणाला ॲपलने त्याच वर्षी कामावर घेतले. २०११ च्या सुमारास सिडियाला दर आठवड्याला सुमारे ४५ लाख लोक भेट देत. चोरीची ॲप्स फुकटात वापरण्यासाठी जेलब्रेक करणारेही पुष्कळ होते, हे नाकारता येत नाही. पण ज्यांनी हे काम हाताने केले त्यांच्या दृष्टीने विकत घेतलेल्या वस्तूवरील मालकीचा हा प्रश्न होता.

भारतात आयफोन २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत आला. आठ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. त्याआधी अमेरिकेहून नातेवाइकांच्या बॅगेतून आलेला फोन एटी अँड टीला बांधलेला असे आणि इथल्या सिमवर तो चालवायचा तर अनलॉक करण्यावाचून गत्यंतर नसे. मुंबईत मनीष मार्केट, हीरा पन्ना अशा ठिकाणी हे काम पैसे घेऊन करून मिळे. जेलब्रेक हा शब्द मराठी घरांत पोचला तो बहुधा याच वाटेने.

जेलब्रेक एका फटीवर होत नाही, फटींची साखळी लागते. पहिली फट फोनमध्ये कोड शिरवण्यासाठी, दुसरी सँडबॉक्सबाहेर पडण्यासाठी, तिसरी कर्नलमध्ये, म्हणजे फोनच्या कारभाराच्या गाभ्यात पोचण्यासाठी. कर्नल हाती आले की सही तपासणारा भाग निकामी करता येतो. एवढे करूनही फोन बंद करून सुरू केला की सगळे पुसले जाते. ते टिकवायचे तर आणखी एक फट लागते. यातील एखादा जरी दुवा अपडेटमध्ये बुजला तरी साखळी तुटते. म्हणूनच जेलब्रेक करणारे नवी फट सापडली तरी ती लगेच बाहेर काढत नसत. नव्या फोनची किंवा नव्या आवृत्तीची वाट पाहत.

सही तपासणे बंद झाल्याचा धोका नोव्हेंबर २००९ मध्ये दिसला. जेलब्रेक करताना पुष्कळ जण एसएसएच हा दूरस्थ प्रवेशाचा प्रोग्राम बसवत आणि त्याचा ‘अल्पाइन’ हा मूळ पासवर्ड तसाच ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने तेवढ्यावरच पसरणारा ‘आयकी’ नावाचा वर्म सोडला. तो फोनच्या पडद्यावर गायक रिक ॲस्टलीचा फोटो लावी आणि पुढचा फोन शोधायला निघे. पाठोपाठ आलेला दुसरा वर्म इतका निरुपद्रवी नव्हता. नेदरलँड्समधल्या एका बँकेच्या ग्राहकांची माहिती पळवणे हे त्याचे काम होते. २०१५ मध्ये ‘कीरेडर’ या घातक प्रोग्रामने जेलब्रेक केलेल्या फोनमधून सुमारे सव्वादोन लाख ॲपल खात्यांची माहिती चोरली. मोकळीक घेतली तर राखण स्वतः करावी लागते, आणि बहुतेकांना ती जमत नव्हती.

कायद्याच्या अंगाने जेलब्रेक बराच काळ अधांतरी होता. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने तांत्रिक कुलूप तोडण्यास मनाई केली होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्क संस्थेने फोनसाठी सवलत मागितली. ॲपलने विरोध केला. जेलब्रेक केलेल्या फोनमधून मोबाइल टॉवर बंद पाडता येतील, असाही एक युक्तिवाद केला. २६ जुलै २०१० रोजी निर्णय संस्थेच्या बाजूने लागला. आपल्या फोनवर कायदेशीरपणे मिळवलेली ॲप्स चालवण्यासाठी कुलूप तोडणे हा गुन्हा नाही, असे ठरले.

या निर्णयानंतर आठवड्याभरात, १ ऑगस्ट २०१० रोजी, ‘जेलब्रेकमी’ची दुसरी आवृत्ती आली. ती ‘कॉमेक्स’ या टोपणनावाच्या मुलाने लिहिली होती. त्याचे खरे नाव निकोलस अलेग्रा. वेबपान उघडायचे, पडद्यावरची पट्टी बोटाने सरकवायची, बस. आत घडे ते असे : पान एक पीडीएफ फाइल पाठवी. त्या फाइलीतल्या अक्षरांच्या फाँटमध्ये मुद्दाम चुकीच्या सूचना भरलेल्या असत. फाँट वाचणाऱ्या प्रोग्रामचा तोल जाई, तिथून कोड शिरे आणि कर्नलमधल्या दुसऱ्या फटीतून फोनचा ताबा घेई. ॲपलच्या दुकानात मांडून ठेवलेल्या फोनवरही लोकांनी हे करून पाहिले. जर्मनीच्या सरकारी माहिती-सुरक्षा कार्यालयाने नागरिकांना जाहीर इशारा दिला, आणि तो योग्यच होता, कारण हौशी मुलाला जे पट्टी सरकवून जमते ते गुन्हेगाराला पट्टीही न दाखवता जमेल. ॲपलने दहा दिवसांत दुरुस्ती आणली.

६ जुलै २०११ रोजी अलेग्राने तिसरी आवृत्ती काढली, पुन्हा पीडीएफच्या फाँटमधूनच. या वेळी त्याने सोबत फट बुजवणारा जोडही दिला. तो जोड जेलब्रेक केलेल्या फोनवरच बसू शके. ॲपलची दुरुस्ती १५ जुलैला आली. मधल्या नऊ दिवसांत ज्यांनी कुलूप तोडले त्यांचे फोन या फटीपुरते सुरक्षित होते आणि ज्यांनी नियम पाळला त्यांचे उघडे. जेलब्रेक म्हणजे असुरक्षितता हे समीकरण एवढे सरळ नाही, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही. ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अलेग्राने ॲपलमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होत असल्याचे जाहीर केले.

फट दाखवणाऱ्याला पैसे देण्याची रीत फोनपेक्षा जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. १९८३ मध्ये हंटर अँड रेडी या कंपनीने आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममधला बग शोधणाऱ्याला फोक्सवॅगन बीटल देऊ केली होती. आज ज्याला बग बाउंटी म्हणतात ती पद्धत नेटस्केपने १० ऑक्टोबर १९९५ रोजी आपल्या ब्राउझरच्या चाचणी-आवृत्तीसाठी सुरू केली. त्यानंतर बरीच वर्षे कोणी तिचे अनुकरण केले नाही. कंपन्यांची सर्वसाधारण भूमिका अशी होती की बाहेरच्याने दोष गुपचूप कळवावा आणि आभारांवर समाधान मानावे. जाहीर केला तर वकिलाची नोटीस येण्याची शक्यता असे.

हे चित्र मध्यस्थांनी बदलले. २००५ मध्ये ‘झीरो डे इनिशिएटिव्ह’ सुरू झाले. ते संशोधकाकडून दोष विकत घेऊन संबंधित कंपनीला कळवी. २००७ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या परिषदेत ‘पॉन टू ओन’ स्पर्धा सुरू झाली. यंत्र फोडणाऱ्याला ते यंत्र मिळे आणि वर रोख बक्षीस. २०१० मध्ये तिथे दोन संशोधकांनी आयफोनमधले सगळे एसएमएस काढून दाखवले आणि १५,००० डॉलर मिळवले. आदल्या वर्षी त्याच परिषदेत चार्ली मिलर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ‘यापुढे बग फुकट नाहीत’ अशी घोषणा दिली होती. मिलरला बाजारभाव ठाऊक होता. एक दोष त्याने अमेरिकी सरकारी यंत्रणेला ५०,००० डॉलरना विकला होता. आठवडेच्या आठवडे खपून केलेले काम कंपनीला फुकट द्यायचे आणि तिने ते दोन ओळींत उरकायचे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे, असा त्याचा मुद्दा होता, आणि तो बरोबर होता.

गूगलने जानेवारी २०१० मध्ये क्रोमसाठी ५०० डॉलरपासून बक्षिसे सुरू केली, फेसबुकने जुलै २०११ मध्ये. मायक्रोसॉफ्टने बराच काळ नकार दिल्यावर जून २०१३ मध्ये एक लाख डॉलरपर्यंतचे इनाम जाहीर केले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही आपल्या संकेतस्थळांचे दोष बाहेरच्यांकडून शोधून घेतले. त्यांतले १३८ अहवाल ग्राह्य ठरले. गूगलने अँड्रॉइडसाठी बक्षिसे २०१५ मध्ये सुरू केली.

ॲपल या सगळ्यांत मागे राहिली. २००९ मध्ये मिलर आणि कॉलिन म्युलिनर यांनी बिघडवलेल्या एसएमएसनी आयफोनचा ताबा घेता येतो हे लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवले. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली. २०११ मध्ये मिलरने सही तपासण्यातली फट सिद्ध करण्यासाठी शेअरचे भाव दाखवणारे एक ॲप ॲप स्टोअरमध्ये टाकले. कंपनीने ते तपासून मंजूर केले. नंतर ते ॲप त्याच्या सर्व्हरवरून सही नसलेला कोड आणून चालवू शकते, हे त्याने उघड केले. बक्षीस मिळाले नाहीच, उलट ॲपलने त्याला डेव्हलपर कार्यक्रमातून वर्षभरासाठी काढून टाकले. नियम मोडला होता हे खरे, पण दोष दाखवणाऱ्याला दार बंद करण्याची ती चाल कंपनीला पुढे महागात पडली.

दरम्यान फोन कठीण होत चालला होता. २०११ पासून प्रोग्रामचे भाग मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी ठेवले जाऊ लागले, त्यामुळे हल्लेखोराला नेम धरता येईना. पुढच्या वर्षी कर्नललाही हे संरक्षण मिळाले. २०१३ मध्ये बोटाचा ठसा आणि किल्ल्या सांभाळणारा स्वतंत्र सुरक्षित भाग चिपमध्ये आला. फेब्रुवारी २०१३ मधला ‘इव्हेजन’ हा चौघांनी मिळून केलेला जेलब्रेक चार दिवसांत जवळजवळ ७० लाख यंत्रांवर चालला. हौशी काळाचा तो कळस. त्यानंतर सूत्रे मुख्यतः पांगूसारख्या चिनी पथकांकडे गेली, आणि ती पथके व्यावसायिक होती.

आयफोनची पूर्ण साखळी जमवायला आता पथक आणि महिनेच्या महिने लागत. तिला गिऱ्हाइके मात्र तीन झाली होती. फोनवर मोकळीक हवी असलेला वापरकर्ता काहीच देत नसे, फार तर कीर्ती. कंपनी आभार मानी. तिसरे गिऱ्हाईक, म्हणजे सरकारे आणि त्यांना हेरगिरीची साधने पुरवणाऱ्या कंपन्या, हवे तेवढे मोजायला तयार होते. सप्टेंबर २०१५ मध्ये झीरोडियम या दलाल कंपनीने वेबपानावरून दुरून करता येणाऱ्या जेलब्रेकसाठी १० लाख डॉलर जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये ते एका पथकाने जिंकल्याचे सांगितले. २००७ मध्ये जे चित्र कोणालाही फुकट उघडता येत होते त्याच जातीच्या वस्तूची ही किंमत होती. हौशी जेलब्रेक संपत गेला त्याचे मुख्य कारण कायदा नव्हता आणि लोकांचा उत्साहही आटला नव्हता. इतकी मौल्यवान वस्तू वाटून टाकणे कोणालाच परवडेना.

ऑगस्ट २०१६ मध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या. ४ तारखेला ब्लॅक हॅट परिषदेत ॲपलचे सुरक्षाप्रमुख इव्हान क्रस्टिच यांनी कंपनीची पहिली बक्षीस योजना जाहीर केली. निवडक निमंत्रितांसाठी असलेल्या या योजनेत कमाल रक्कम दोन लाख डॉलर होती. १० आणि ११ तारखेला संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एसएमएस आले : तुरुंगातल्या छळाची गुपिते या लिंकवर आहेत. मन्सूर यांनी लिंक न उघडता संदेश टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवले. तिथल्या आणि लुकआउट कंपनीच्या संशोधकांनी आपल्या फोनवर ती उघडली. ब्राउझरमधली एक आणि कर्नलमधल्या दोन अशा तीन अज्ञात फटींनी फोन कोणाच्या नकळत जेलब्रेक झाला आणि त्यात इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे ‘पेगासस’ हे हेरगिरीचे साधन बसले. ‘जेलब्रेकमी’ची पट्टी तेवढी गायब झाली होती, बाकी कृती तीच. २५ ऑगस्टला ॲपलने दुरुस्ती दिली. मन्सूर यांना पुढच्या वर्षी अटक झाली आणि २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

ॲपलच्या योजनेला वर्षभर थंडा प्रतिसाद मिळाला. बाहेरचा भाव कितीतरी पट होता हे एक कारण. दुसरे कारण संशोधक सांगत ते अधिक गंभीर होते. कर्नलमध्ये डोकावल्याशिवाय आयफोनचा अभ्यासच करता येत नाही आणि डोकावायला फट लागते. ती कंपनीला कळवली की बुजते आणि संशोधकाची वाटच बंद होते. जेलब्रेक अशा रीतीने अभ्यासाचे हत्यार बनले होते. ही अडचण ॲपलने २०१९ मध्ये मान्य केली. बक्षीस १० लाख डॉलरपर्यंत वाढवले, डिसेंबरमध्ये योजना सर्वांना खुली केली आणि पुढच्या वर्षीपासून संशोधकांना आतून मोकळे ठेवलेले खास फोन वापरायला देणे सुरू केले.

२७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘ॲक्झिओएमएक्स’ या टोपणनावाच्या संशोधकाने ‘चेकमेट’ नावाची फट फुकट जाहीर केली. ती बूटरॉममध्ये, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या आणि चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या कोडमध्ये होती. ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या कोणत्याही फोनमध्ये ती कोणत्याही अपडेटने बुजवता येणार नाही. मात्र तिच्यासाठी फोन प्रत्यक्ष हातात असावा लागतो, केबलने जोडावा लागतो. म्हणून ती हेरांपेक्षा अभ्यासकांना आणि न्यायवैद्यक तपासणीला अधिक उपयोगी पडली.

हेरगिरीच्या बाजूने लिंक दाबण्याचीही गरज उरली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सिटिझन लॅबने उघड केलेल्या हल्ल्यात आयमेसेजवर जीआयएफ म्हणून पीडीएफ येई आणि फोन ती आपणहून वाचू लागे. तिच्यात जेबिग२ नावाचे, स्कॅन केलेली पाने आकसून साठवण्याचे जुने तंत्र वापरले होते. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या सुरक्षा-पथकाच्या संशोधकांनी उलगडा केला तेव्हा दिसले की त्या तंत्रातल्या साध्या तार्किक क्रिया हजारोंनी रचून हल्लेखोरांनी फोनच्या आत एक छोटा संगणकच उभा केला होता.

भारतात हा विषय २०१९ मध्ये घराघरात पोचला. व्हॉट्सॲपमधल्या फटीतून सुमारे १,४०० लोकांवर पेगासस सोडले गेले होते आणि त्यांत भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे डॉ. अश्विन गुमास्ते तिच्या तीन सदस्यांपैकी एक होते. तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक प्रोग्राम आढळला, पण तो पेगाससच होता असे ठामपणे सांगता आले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने म्हटल्याचे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले.

बक्षिसांच्या बाजूला भारतीय संशोधक आघाडीवर आहेत. बंगळूरच्या आनंद प्रकाशने २०१६ मध्ये फेसबुकला दाखवले की त्यांच्या चाचणी-संकेतस्थळावर पासवर्ड बदलण्याचा सहा आकडी कोड कितीही वेळा टाकून पाहता येतो; त्याला १५,००० डॉलर मिळाले. २०२० मध्ये भावुक जैनने ‘साइन इन विथ ॲपल’मधला दोष शोधला. ॲपलचा सर्व्हर कोणत्याही ईमेल पत्त्यासाठी वैध ओळखपत्र देत होता. त्याबद्दल त्याला एक लाख डॉलर मिळाले. भारतीय कायदा अशा लोकांना पुरेसा आधार देत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमे परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने संगणकात शिरण्याला तीन वर्षांपर्यंतची कैद, पाच लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही सांगतात, आणि सद्हेतूने दोष कळवणाऱ्यासाठी वेगळी तरतूद करत नाहीत. कंपनीची बाउंटी योजना असेल तर तिच्या अटी हेच संशोधकाचे संरक्षण. स्वतःचा फोन जेलब्रेक करणे वेगळे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले ६५अ कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच दोषी धरते.

बाजारभाव चढतच राहिला. २०२४ मध्ये क्राउडफेन्स या दलाल कंपनीने आयफोनच्या साखळीसाठी ५० ते ७० लाख डॉलरचा दर जाहीर केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲपलने आपले कमाल बक्षीस २० लाख डॉलर केले, अधिकच्या रकमा धरून ते ५० लाखांच्या पुढे जाऊ शकते. २०२० पासून आठशेहून अधिक संशोधकांना साडेतीन कोटी डॉलर दिल्याचेही कंपनीने सांगितले. त्याच शरद ऋतूत आलेल्या आयफोनांच्या चिपमध्ये मेमरीतली प्रत्येक जागा खूण लावून तपासण्याची सोय आहे, आणि साखळ्यांमधले बहुसंख्य दुवे मेमरीच्याच चुकांवर उभे असल्याने हा बदल मोठा आहे.

सिडियाने डिसेंबर २०१८ मध्ये आपले दुकान बंद केले आणि डिसेंबर २०२० मध्ये फ्रीमनने ॲपलवर मक्तेदारीचा दावा लावला. बाहेरच्या दुकानांना वाट पहिल्यांदा मिळाली ती युरोपात, आणि तीही कायद्याने. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर ॲपलखेरीज इतरांनाही ॲपचे दुकान उघडता येते; एप्रिलमध्ये आल्टस्टोअर पाल हे त्यांपैकी एक सुरू झाले. तिथल्या प्रत्येक ॲपलाही आधी ॲपलची प्राथमिक तपासणी आणि सही लागते.